आयातशुल्क उतरते तेव्हा विदर्भात कोणाला काय मिळते? कापूस, तूर, तेल आणि संत्री

झिरोमाईल (धागाकर्ता)

नमस्कार.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि त्यानंतर दहाच दिवसांत ३१ डिसेंबरपर्यंत माफ केले. त्या वेळी काटोल, सावनेर, हिंगणघाट भागातली कपाशी पात्या-फुलांवर होती. बियाणे, खते, डवरणी, निंदण यांवरचा बहुतेक खर्च होऊन गेलेला होता आणि शेतकऱ्याला मागे फिरण्याची सोय उरलेली नव्हती. या निर्णयावर गेल्या काही महिन्यांत नागपुरात पुष्कळ बोलले गेले. मात्र त्या बोलण्यात दोनच बाजू मांडल्या जातात. एकीच्या मते आयात खुली करणे म्हणजे शेतकऱ्याचा घात, आणि दुसरीच्या मते शुल्क म्हणजे मागासलेपणाची खूण. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली आहे आणि या दोन्ही मांडण्या मला अपुऱ्या वाटतात, म्हणून हा धागा काढत आहे.

डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची वाइन घेऊन जे दाखवले, ते आजही खोटे ठरलेले नाही. ज्या देशाला जे तुलनेने स्वस्तात करता येते ते त्याने करावे आणि बाकीचे विकत घ्यावे, म्हणजे दोन्ही देशांच्या हाती एकूण माल अधिक येतो. परंतु या मांडणीत एक गृहीतक दडलेले आहे. एका कामातून सुटलेली माणसे आणि जमीन दुसऱ्या कामाला विनाखर्च लागतात, असे ते गृहीतक आहे. विदर्भाच्या कोरडवाहू काळ्या जमिनीत खरिपाला पर्याय किती आहेत? कापूस, सोयाबीन आणि तूर. कापसात परवडत नाही म्हणून शेतकरी सोयाबीनकडे वळतो, तर तेथे खाद्यतेलाच्या आयातीचा दाब असतो. तुरीकडे वळतो, तर मोझांबिकची आणि म्यानमारची तूर मुंबईच्या बंदरात उतरलेली असते. तिन्ही पर्यायांचे दर आयातधोरणाला बांधलेले असतील, तर ‘दुसरीकडे वळा’ या सल्ल्याला अर्थ उरत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९९१ पूर्वी काही वस्तूंवरचे सीमाशुल्क ३०० टक्क्यांहून अधिक होते. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात कमाल दर १५० टक्क्यांवर आणला गेला आणि पुढे टप्प्याटप्प्याने २००७ पर्यंत बिगरशेती मालासाठी तो १० टक्क्यांवर आला. या काळात देशाचे एकूण उत्पन्न वाढले आणि दारिद्र्य घटले, याबद्दल वाद नाही. पेटिया टोपालोव्हा या अर्थतज्ज्ञ बाईंनी या कपातीचा जिल्हावार अभ्यास केला. ज्या ग्रामीण जिल्ह्यांतील रोजगारावर शुल्ककपातीचा घाव अधिक पडला, तेथे दारिद्र्य इतर जिल्ह्यांपेक्षा कमी वेगाने घटले, असे त्यांना आढळले. देशाला फायदा होणे आणि एखाद्या जिल्ह्याच्या वाट्याला त्यातले कमी येणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

व्यापारातील अडथळे कमी व्हावेत, असेच माझे मत आहे. मात्र ते कधी, किती आधी सांगून आणि कोणाच्या खर्चाने, हे प्रश्न गौण मानले जातात, आणि विदर्भाचे नुकसान नेमके तेथेच होते. आपापल्या व्यवसायात काय दिसते ते सदस्यांनी लिहावे, ही विनंती.

---

रुईगाठ

सर, मी हिंगणघाट भागात जिनिंग-प्रेसिंगच्या व्यवसायात आहे. ११ टक्के म्हणजे शेतकऱ्याच्या क्विंटलमागे किती, हे कोणी मांडून दाखवत नाही, म्हणून येथे मांडतो.

रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, व्यवहार खंडीवर होतो आणि एक खंडी ३५६ किलोंची असते. बाहेरून येणारी रुई खंडीला ५०,००० रुपयांना पडते असे हिशेबापुरते धरू. त्यावर ११ टक्के म्हणजे ५,५०० रुपये. शुल्क असेपर्यंत गिरणीला ती रुई ५५,५०० रुपयांना पडते आणि आमच्या रुईला तेवढ्यापर्यंत दर मागता येतो. शुल्क गेले की मागता येणारा दर ५०,००० वर येतो. आता शेतकऱ्याच्या कापसातून रुईचा उतारा ३४ टक्क्यांच्या आसपास निघतो. म्हणजे एका खंडीसाठी साधारण साडेदहा क्विंटल कापूस लागतो. ५,५०० ला साडेदहाने भागले, तर क्विंटलमागे सव्वापाचशे रुपयांच्या जवळपास फरक येतो. सरकीचा दर यात धरलेला नाही, कारण तो वेगळ्या कारणांनी हलतो.

सव्वापाचशे ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात दर तेवढा पडेलच असे नाही, कारण बाहेरचा माल यायला वेळ लागतो आणि प्रत्येक गिरणीला तो चालतोच असे नाही. परंतु बाजार प्रत्यक्ष मालाची वाट पाहत नाही. अधिसूचना निघाली की दक्षिणेतील गिरण्यांचे खरेदीदार फोनवर हात आखडता घेतात आणि आम्हीही मग शेतकऱ्याला कालचा दर देऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १४ एप्रिल २०२२ पासून त्या वर्षीच्या ऑक्टोबर अखेरपर्यंतही हेच शुल्क माफ होते. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ६,०२५ रुपये होता आणि बाजारात कापूस दहा हजारांच्या वर विकला जात होता. तेव्हाच्या माफीने शेतकऱ्याचे फारसे बिघडले नाही, उलट गिरण्या चालू राहिल्या. २०२५ मध्ये लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये असताना खुल्या बाजारातील दर त्याच्या खाली होता. माफी तीच होती, दरही तोच ११ टक्क्यांचा होता, तरी परिणाम अगदी निराळा झाला.

---

हिंगणा वसाहत

धागाकर्त्यांनी विषय संतुलितपणे मांडला आहे. तरीही कारखानदाराची बाजू सविस्तर यावी असे मला वाटते, कारण नागपुरात या विषयावर बोलताना शेती सोडून दुसरे काही आहे याचा विसर पडतो.

हिंगणा औद्योगिक वसाहतीत आमचा सुटे भाग बनवण्याचा लहान कारखाना आहे. वडिलांच्या काळात परदेशी यंत्राचा एखादा भाग मागवायचा तर परवाना, त्यासाठी दिल्लीच्या खेपा आणि वर किमतीएवढेच किंवा त्याहून जास्त शुल्क, असा प्रकार होता. त्यामुळे यंत्र बंद पडले की दुरुस्तीऐवजी जुगाड केला जाई आणि मालाचा दर्जा त्या जुगाडाच्या पलीकडे कधी जात नसे. आज संगणकनियंत्रित यंत्राचा नियंत्रक, बेअरिंग, कापणीची हत्यारे रास्त दरात मिळतात, म्हणूनच आमच्यासारखा कारखाना पुण्याच्या मोठ्या कंपन्यांना माल देऊ शकतो. आमचे तीन नवे भाग तर आयात पोलादाच्या एका विशिष्ट प्रतीवरच अवलंबून आहेत.

हा केवळ आमचा अनुभव नाही. १९९१ नंतर कच्च्या मालावरचे शुल्क घटल्यामुळे भारतीय कंपन्यांना नवी उत्पादने काढता आली. त्या काळातील नव्या उत्पादनांपैकी सुमारे ३१ टक्के या शुल्ककपातीतून आली, असे गोल्डबर्ग, खंडेलवाल, पावनिक आणि टोपालोव्हा यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले आहे. आपण ज्या बाईंचा दाखला दिलात, त्याच या अभ्यासातही आहेत.

शिवाय अडथळा म्हणजे केवळ शुल्क नव्हे. गेल्या काही वर्षांत गुणवत्ता नियंत्रण आदेशांनी जो त्रास दिला, तो शुल्काने कधी दिला नव्हता. शुल्क भरता येते, परंतु परदेशी पुरवठादाराने बीआयएसचा (भारतीय मानक संस्थेचा) परवानाच घेतला नसेल तर माल कोणत्याही किमतीला आणता येत नाही. पॉलिस्टर धागा आणि तंतूंवरचे असे आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये मागे घेण्यात आले. बुटीबोरीपासून सुरतेपर्यंत ज्यांना त्यावर कापड विणायचे होते, त्यांची अडचण त्याआधीची दोन वर्षे कोणाच्या लेखी नव्हती. संरक्षण एकाला दिले की त्याची किंमत दुसरा कारखानाच मोजतो, आणि तो दुसरा कारखाना बहुधा लहान असतो.

---

पांढरं सोनं

हिंगणा वसाहत भाऊ, तुमचे म्हणणे मान्य आहे. पोलाद स्वस्त झाले तर तुम्हाला फायदा होतो, तसा गिरणीला रुई स्वस्त झाल्यावर होतो. माझा प्रश्न वेगळा आहे. काटोल तालुक्यात आमची कपाशी आहे. तुम्ही कच्चा माल मागवता तेव्हा महिन्याभराचा विचार करता आणि दर पटला नाही तर पुढची मागणी थांबवता. मी जूनमध्ये बी टाकले की पुढचे सहा महिने माझा हात बांधलेला असतो.

हमीभाव आहे ना, असे अनेक जण म्हणतात. तो आहे, आणि सीसीआयने (भारतीय कापूस महामंडळाने) खरेदी केली तर तो मिळतोही. पण त्यासाठी ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत हवा आणि २०२५ पासून ॲपवर नोंदणीही लागते. दिवाळीच्या आधी वेचलेल्या पहिल्या कापसात, पाऊस लांबला असेल तर, १२ टक्क्यांहून अधिक ओल असते. मजुरी चुकवायची असते, कृषी केंद्राची उधारी असते आणि त्यामुळे तो पहिला कापूस खासगी व्यापाऱ्याकडे जातो. रुईगाठ यांनी जो सव्वापाचशेचा हिशेब मांडला, तो याच पहिल्या कापसावर लागू पडतो. ज्याच्याकडे साठवायला जागा आणि थांबायला पैसा आहे त्याला शुल्कमाफीची झळ कमी लागते, आणि ज्याच्याकडे हे दोन्ही नाही त्याच्याकडून तिची किंमत पुरती वसूल होते.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ आणि मग एकूण ५० टक्के शुल्क लावले. तिरुपूरच्या कपड्यांना मागणी राहिली नाही, म्हणून वस्त्रोद्योगाला दिलासा देण्यासाठी कापसाची आयात मोकळी केली गेली. म्हणजे अडथळा वॉशिंग्टनने उभारला आणि त्याची भरपाई काटोलच्या कापसाच्या दरातून करण्यात आली. वस्त्रोद्योगाला मदत करू नये असे मी म्हणत नाही, कारण तो बुडाला तर माझा कापूस घेणार कोण? पण ती मदत सरकारी तिजोरीतून करता आली असती.

---

गृहगणित

एक गृहिणी म्हणून विचारते. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचे प्रभावी शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के आणि शुद्ध तेलावरचे १३.७५ वरून ३५.७५ टक्के केले, तेव्हा सोयाबीन उत्पादकांसाठी हे करत आहोत असे सांगण्यात आले. दसरा-दिवाळीच्या तोंडावर तेलाचा पिंप आमच्या घरी पुष्कळच महाग आला. शेतकऱ्याला दर मिळणार असेल तर ते सोसायला माझी हरकत नव्हती. परंतु त्याच दिवाळीत माझ्या माहेरी, समुद्रपूर तालुक्यात, सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या बऱ्याच खाली विकावे लागले. मग माझ्या घरातून गेलेले पैसे कोणाला मिळाले? अर्थशास्त्राच्या भाषेत याचे उत्तर काय आहे?

---

झिरोमाईल

ताई, आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर सोयाबीनच्या दाण्यातच आहे. सोयाबीनमध्ये तेल १८ टक्क्यांच्या आसपास असते आणि बाकीच्यातून मुख्यतः पेंड निघते. त्यामुळे सोयाबीनचा दर तेलापेक्षा पेंडीच्या दराकडे अधिक पाहतो. २०२४ मध्ये जगभर सोयाबीनचे पीक भरपूर होते, त्यामुळे पेंड स्वस्त होती. देशातही मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेऊ लागला होता. तेलावरचे शुल्क वाढवून त्या पेंडीला आधार मिळण्यासारखा नव्हता. जो माल शेतकरी विकतो त्याच्या एका लहान भागावर शुल्क लावले, तर ग्राहकाला पूर्ण भार पडतो आणि शेतकऱ्यापर्यंत त्याचा तुकडाच पोहोचतो.

मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलावरचे शुल्क १६.५ टक्क्यांवर आणले गेले, परंतु शुद्ध तेलावरचे ३५.७५ तसेच ठेवले. या दोन दरांतील १९.२५ टक्क्यांचे अंतर देशातील तेलशुद्धीकरण कारखान्यांना संरक्षण देते. कारखान्यांना कामही मिळते, हे चांगलेच आहे. पण या अंतराचा सोयाबीन उत्पादकाशी काही संबंध नाही.

या बाबतीत आपला इतिहास वाईट आहे. १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान मोहीम सुरू झाली आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ मध्ये पामोलिनची आयात ६५ टक्के शुल्कासह खुली झाली आणि १९९८ पर्यंत ते शुल्क १५ टक्क्यांवर उतरवले गेले. चार वर्षांत पन्नास टक्के-बिंदूंची कपात सोसण्यासाठी तेलबिया उत्पादकाला कोणतीही तयारी करू दिली गेली नाही. आज आपण निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. खुल्या आयातीने ग्राहकाला अनेक वर्षे स्वस्त तेल मिळाले, हे मी नाकारत नाही. पण ही कपात पंधरा वर्षांत आणि संशोधन, सिंचन, बियाणे यांच्या जोडीने झाली असती, तर आज तेलाच्या दरासाठी इंडोनेशिया आणि मलेशियाकडे पाहण्याची वेळ इतकी आली नसती, असे माझे ठाम मत आहे.

---

कळमना डाळ

मी डाळ मिलच्या बाजूने लिहितो. विदर्भातील तूर डिसेंबरअखेर निघू लागते आणि जानेवारी-फेब्रुवारीत आवक शिगेला जाते. उन्हाळ्यानंतर स्थानिक माल कमी होतो. तेव्हा आयात तूर नसेल तर मिल अर्ध्या क्षमतेने चालते आणि पाखडणी-चाळणीवरच्या बाया घरी बसतात. म्हणून मे २०२१ मध्ये तुरीची आयात निर्बंधमुक्त झाली त्याचे आम्ही स्वागत केले होते आणि आजही करतो.

मात्र वेळेबद्दल झिरोमाईल सरांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. शुल्कमुक्त तुरीची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढवल्याची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली. तेव्हा नागपूरच्या कळमना बाजाराच्या यार्डात नव्या तुरीची पोती उतरत होती. ज्या आठवड्यात शेतकरी दर ठरवायला बाजारात उभा असतो, त्याच आठवड्यात पुढचे वर्षभर आयात खुली राहील असे सांगितल्यावर कोणता खरेदीदार हात मोकळा सोडेल? हीच घोषणा जूनमध्ये झाली असती, तर मिलला तेवढाच फायदा झाला असता आणि शेतकऱ्याने पेरा ठरवताना तिचा विचार केला असता.

२०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी तूर खरेदीचा करार झाला. त्याच खरिपात आपल्याकडे तुरीचा पेरा प्रचंड वाढला आणि २०१७ च्या आरंभी दर हमीभावाखाली गेले. त्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये आयातीवर वार्षिक २ लाख टनांची मर्यादा आली. दर वेळी निर्णय एक पीक उशिरा झाला आहे.

---

संत्राबाग वरुड

आतापर्यंतची चर्चा आपल्या देशाने शुल्क कमी करण्याबद्दल चालली आहे. वरुड-मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात आम्ही दुसऱ्या देशाने शुल्क वाढवल्याचे परिणाम पाहिले आहेत, त्यामुळे अडथळे कमी होण्याची किंमत आम्हाला अधिक कळते.

नागपुरी संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक बांगलादेश होता. तेथील आयातशुल्क २०१९ मध्ये किलोमागे २० रुपये होते, ते दर वर्षी चढत जाऊन २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेले. आमच्या फळाची बागेतील किंमतच कित्येकदा किलोला ३० रुपयांपेक्षा कमी असते. म्हणजे फळाच्या किमतीच्या जवळजवळ तिप्पट कर सीमेवर भरायचा. ढाक्यातील ग्राहक तेवढी किंमत देत नाही, तो सफरचंद घेतो किंवा काहीच घेत नाही. संत्रा झाडावर थांबत नाही आणि पातळ, सैल सालीमुळे शीतगृहातही फार दिवस टिकत नाही. त्यामुळे पुरवठा कमी करून दर सांभाळणे आम्हाला शक्य नसते आणि कराचा मोठा वाटा बागेतील दरातून कापला जातो.

याचा फटका केवळ निर्यातदारांना बसतो, हा गैरसमज आहे. पेट्रापोलच्या सीमेवरून जाणारे ट्रक थांबले की तोच माल दिल्ली, कोलकाता, हैदराबादला वळतो. ज्या शेतकऱ्याने कधी बांगलादेशाला माल पाठवला नाही, त्याच्या आंबिया बहराचा (संत्र्याच्या एका हंगामाचा) दरही त्यामुळे पडतो.

डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शुल्काच्या निम्मी रक्कम, म्हणजे किलोमागे ४४ रुपये, अनुदान देण्याचा निर्णय घेतला आणि त्यासाठी १६९.६० कोटी रुपये मंजूर केले. त्या वेळी तो आधार होता, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु विचार केला तर महाराष्ट्राच्या करदात्याचा हा पैसा शेवटी दुसऱ्या देशाच्या तिजोरीत जमा होतो, आणि अनुदान मिळते म्हणून शुल्क कमी करण्याचा त्यांच्यावरचा दबावही सैल पडतो. हा प्रश्न वाटाघाटींच्या टेबलावरच सुटणार आहे.

त्याची संधी समोर आहे. बांगलादेश २४ नोव्हेंबर २०२६ रोजी अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडणार असे २०२१ मध्ये ठरले. २०११ पासून भारताने साफ्टा (दक्षिण आशियाई मुक्त व्यापार) करारान्वये त्यांच्या जवळजवळ सर्व मालाला, तयार कपड्यांसह, शुल्कमुक्त प्रवेश दिला आहे, आणि तो अल्पविकसित देश म्हणून दिलेला आहे. पुढे तो टिकवायचा तर त्यांना नवा करार करावा लागेल. त्या करारात संत्र्याचे नाव यावे यासाठी विदर्भातील खासदारांनी आतापासून वाणिज्य मंत्रालयाच्या मागे लागले पाहिजे. २०२५ मध्ये दोन्ही देशांचे संबंध ताणलेले होते. त्या वर्षी त्यांनी आपल्या सुतावर आणि आपण त्यांच्या कपड्यांवर जमिनीवरील मार्गांनी येण्यास बंधने घातली. म्हणूनच हा विषय कोणीतरी धरून ठेवण्याची गरज आहे.

---

जुनी शुक्रवारी

इतिहासाची एक नोंद जोडतो. जमशेटजी टाटांनी नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. त्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांच्या आग्रहामुळे भारतातील आयातशुल्क खुल्या व्यापाराच्या नावाखाली काढून टाकण्यात आले. महसुलासाठी ते पुन्हा लावावे लागले, तेव्हा १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के शुल्क आणि देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच उत्पादनकर बसवण्यात आला, म्हणजे नागपूरच्या कापडाला मँचेस्टरपुढे कोणताही लाभ मिळू नये. हा उत्पादनकर १९२६ मध्ये गेला. एम्प्रेस मिल या धोरणातही उभी राहिली, कारण तिच्याकडे जवळचा कापूस, नवी रिंग चात्यांची यंत्रे आणि उत्तम व्यवस्थापन होते. परंतु इतवारी आणि महालाच्या हलबा कोष्टी विणकरांकडे यांपैकी काहीच नव्हते.

त्या काळाची आजच्या करारांशी बरोबरी होऊ शकत नाही, कारण आज वाटाघाटी आपले सरकार करते. तरीही ज्याच्यावर परिणाम होणार आहे त्याला निर्णयाआधी विचारले गेले का, हा प्रश्न तेव्हाइतकाच आजही विचारण्याजोगा आहे.

---

रुईगाठ

माझी एक सूचना आहे. बाजारभाव हमीभावाच्या खाली असेल तर आयातशुल्क आपोआप चढावे आणि वर असेल तर आपोआप उतरावे, असे सूत्रच का ठरवू नये? २०२२ आणि २०२५ मधील फरक त्यातून मिटेल.

---

झिरोमाईल

सूचना तर्कशुद्ध आहे, मात्र तिला जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी कराराची अडचण आहे. किमतीनुसार आपोआप बदलणारे आयातशुल्क त्या कराराच्या अनुच्छेद ४.२ मध्ये निषिद्ध आहे. चिली देशाने गहू, साखर आणि खाद्यतेलासाठी अशी किंमतपट्ट्याची पद्धत ठेवली होती, आणि २००२ मध्ये निकाल चिलीच्या विरोधात गेला. मात्र ठरलेल्या कमाल दराच्या आत राहून सरकारने वर्षाच्या आरंभी दर जाहीर करणे आणि तो हंगामभर न बदलणे, याला कोणताही नियम आड येत नाही.

खरीप पिकांचे हमीभाव केंद्रीय मंत्रिमंडळ पेरणीच्या तोंडावर जाहीर करते. त्याच टिपणात कापूस, तूर आणि खाद्यतेल यांची पुढील बारा महिन्यांची शुल्करचना जाहीर झाली पाहिजे, ही माझी पहिली मागणी आहे. हमीभाव सांगायचा आणि त्याच्यावर दाब आणणारे शुल्क मागाहून ठरवायचे, यामुळे हमीभावाच्या घोषणेचे मोल निम्मे होते.

हिंगणा वसाहत यांच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे की कच्च्या मालावरचे शुल्क आणि परवान्यांचे अडथळे कमीच असावेत. ऑस्ट्रेलियाशी झालेला आणि २९ डिसेंबर २०२२ पासून लागू असलेला करार मला याच कारणाने चांगला वाटतो. त्यात ५१,००० टन कापूस शुल्कमुक्त येतो, आणि ही मर्यादा आधीच माहीत असते. गिरणीला हवा तो लांब धाग्याचा माल मिळतो आणि काटोलच्या शेतकऱ्यालाही किती माल येणार हे ठाऊक असते. अडथळा कमी करण्याची ही पद्धत आणि ऑगस्टमधील अमर्याद माफी, यांत फार मोठा फरक आहे.

अमेरिकेच्या कापसाबद्दल मात्र सावध राहिले पाहिजे. तेथील शेतकऱ्याला मिळणाऱ्या अनुदानांविरुद्ध ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत खटला जिंकला आणि अखेर २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन तो मिटवला. समोरचा देश अनुदान देत असताना आपण शुल्क उतरवले, तर स्पर्धा दोन शेतकऱ्यांमध्ये राहत नाही. ती एक शेतकरी आणि एक सरकारी तिजोरी यांच्यात होते.

---

पांढरं सोनं

जूनमध्ये दर जाहीर झाला तर खरोखर मोठा फरक पडेल. पण सर, जाहीर करूनही शुल्क कमीच ठेवायचे ठरले, तर आमचे काय? खरीप २०२३ साठी राज्य सरकारने कापूस आणि सोयाबीनला हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत दिले. त्याचा उपयोग झाला. पण ती रक्कम दराशी जोडलेली नव्हती आणि हाती आली तेव्हा पुढच्या वर्षीचे पीक शेतात उभे होते.

---

झिरोमाईल

याच प्रश्नावर आपल्या धोरणात मोठी पोकळी आहे. आयात खुली झाल्यामुळे रोजगार गेलेल्या कामगारांसाठी अमेरिकेने १९६२ पासून भत्ता आणि प्रशिक्षणाची योजना चालवली, जी जुलै २०२२ मध्ये मुदत न वाढल्याने बंद पडत गेली. युरोपीय संघाचाही असा निधी आहे. त्या योजना परिपूर्ण नाहीत, परंतु नुकसान कोणाचे झाले हे मोजण्याची यंत्रणा तरी त्यांनी उभारली. भारतात व्यापार करारांच्या जोडीला असे काहीही नाही.

पैसा कोठून आणायचा, याचे उत्तर कापसाच्या शुल्कातच आहे. २०२१ मध्ये बसवलेल्या ११ टक्क्यांमध्ये ५ टक्के मूळ सीमाशुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर आणि बाकी त्यांवरचा समाजकल्याण अधिभार, अशी रचना आहे. तो उपकर शेतीच्या नावाने वसूल होतो. ज्या वर्षी शुल्क चालू आहे त्या वर्षी या उपकराची रक्कम वेगळी ठेवावी आणि ज्या वर्षी माफी दिली जाईल त्या वर्षी ती हमीभाव आणि प्रत्यक्ष विक्रीदर यांतील फरकापोटी कापूस उत्पादकाला द्यावी. मध्य प्रदेशाने २०२५ मध्ये सोयाबीनसाठी भावांतर योजना चालवली आहे, त्यामुळे बाजार समितीच्या नोंदींवरून फरक काढणे प्रशासनाला जमत नाही असे म्हणता येणार नाही. तुम्ही म्हणता तो दिवाळीआधीचा, ओल असलेला आणि खासगी व्यापाऱ्याला विकलेला कापूस यात यायचा असेल, तर सौदापट्टी (विक्रीची पावती) मात्र बाजार समितीचीच हवी.

---

रुईगाठ

सौदापट्टीबद्दल एक व्यावहारिक अडचण सांगतो. गावखरेदीत कापूस थेट शेतातून उचलला जातो आणि त्याची बाजार समितीत नोंदच होत नाही. ही योजना आणायची तर जिनिंगच्या काट्यावरची वजनपावती शेतकऱ्याच्या सातबाऱ्याशी जोडून ग्राह्य धरावी लागेल. आमच्या काट्यावर ती पावती आजही निघते, तिच्यावर तारीख, वजन आणि दर असतो. जिनिंगवाल्यांच्या संघटनेत मी हा विषय मांडणार आहे. संत्राबाग वरुड यांनी बांगलादेशाच्या कराराबाबतचे निवेदन तयार केले, तर त्यात कापसाच्या सुताचाही मुद्दा घ्यावा, कारण आपल्या सुताचा बांगलादेश हा मोठा ग्राहक आहे आणि जमिनीवरचा मार्ग बंद झाल्यापासून तो माल समुद्रमार्गे पाठवावा लागतो.

---

संत्राबाग वरुड

सुताचा मुद्दा अवश्य घेतो. मसुदा आंबिया बहराची तोड संपल्यावर याच धाग्यावर टाकीन, कळमना डाळ आणि पांढरं सोनं यांनी त्यात आपापल्या पिकाचा परिच्छेद जोडावा.